काळ्या फितीच्या खुर्च्या

९ जानेवारी

पालिकेतली बाई आली, कॉफी प्यायली आणि निघताना बूट चढवता चढवता सांगून गेली की एप्रिलच्या सर्वसाधारण सभेत सात जणांचं मंडळ उभं राहिलं नाही, तर आमचं वाचनघर शेजारच्या गावाच्या वाचनघरात जोडून टाकणार. पुस्तकं तिकडे जातील, इमारतीला कुलूप लागेल. "नुसती नावं नकोत हं," म्हणाली, "काम करणारी माणसं हवीत."

मंडळात आज आम्ही तिघं. अध्यक्ष स्तामो, ज्याला पायऱ्या चढवत नाहीत. पेना, जी फक्त भांडायला येते. आणि मी. चौथा मिंचो होता. तो जूनमध्ये गेला.

मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं जे काही आहे ते या वाचनघराच्या कपाटांतून आलं. डबाबंद भाज्यांच्या कारखान्यातली पाळी संपली की हाताला व्हिनेगरचा वास घेऊन मी इथे यायचे आणि पानांना वास लागू नये म्हणून आधी हात धुवायचे. आता कित्येक वर्षं ग्रंथपालही मीच आहे. ती पुस्तकं टेम्पोत भरलेली मला बघायची नाहीत. एवढंच. हे त्या बाईला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

१७ जानेवारी

मदत आली. कुठल्याशा प्रतिष्ठानाने प्लोवदिव शहरातून एक मुलगी पाठवली आहे. नाव रालित्सा. कपाळावर चष्मा, पाठीवर मोठी पिशवी, पिशवीत कागदांचं भेंडोळं. संस्थांना बदलायला मदत करणं आणि त्यांची क्षमता वाढवणं हे तिचं काम म्हणे.

"कसली क्षमता?" स्तामोने विचारलं.

"संस्थेची, आजोबा."

"संस्थेची आहे तेवढी पुरे. माझ्या गुडघ्यांची वाढव."

ती हसली, पण तिने कागद उलगडलाच. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: आपली ताकद. आम्ही तिघं त्या कागदाकडे बघत बसलो. पेना म्हणाली, "छप्पर गळत नाही." रालित्साने तेही लिहून घेतलं.

प्रत्येकाला एकेक कोरी वही दिली. बदलाची नोंद ठेवा म्हणाली. स्तामोने ती रकिया दारूच्या बाटलीखाली ठेवली, टेबल ओलं होऊ नये म्हणून. मी तिच्या वहीत लिहीत नाही. ही माझी स्वतःची आहे.

२३ जानेवारी

आज वाचनघरातल्या नाटक-गाण्यांच्या सभागृहात बसून चर्चा. म्हणजे आम्ही बसलो; ती रंगमंचाच्या कडेवर पाय सोडून बसली. या शहरी मुलींना खुर्चीवर बसवत नाही.

"तुमच्या कार्यक्रमांना किती जागा रिकाम्या राहतात?" तिने विचारलं.

"एकही नाही," स्तामो म्हणाला. पेनानेही तेच सांगितलं. मीही. कारण ते खरंच आहे.

तिने सभागृहावरून नजर फिरवली. मग चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा फिरवली.

आमच्याकडची पद्धत तिला ठाऊक नसेल म्हणून मी समजावून सांगितलं. वाचनघराच्या प्रत्येक सभासदाची खुर्ची ठरलेली असते. सभासद वारला की त्याच्या घराच्या दारावर बांधतो तशीच काळी फीत त्याच्या खुर्चीच्या पाठीला बांधायची. वर्षभर तिथे कोणी बसत नाही. वर्ष झालं की घरच्यांनी, आणि घरच्यांनीच, ती सोडायची. आता प्रत्यक्षात कोणी सोडत नाही ही गोष्ट वेगळी. पहिली फीत सोडेल त्याच्याबद्दल गावात काय बोलतील? पेनाच्या आईची फीत उन्हाने करडी पडली आहे, तरी आहे.

"आणि हे?" रालित्साने पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे बोट केलं. तिथली फीत अजून चकचकीत आहे.

"ते माझे यजमान," मी म्हटलं. "पडदा अडकला की उठावं लागायचं, म्हणून कडेला बसायचे."

तिने त्या फितीकडे पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "मावशी, आपण नवे सभासद कुठून आणायचे ते बघू या."

बघू या. जणू ते दुकानात मिळतात.

५ फेब्रुवारी

नवे सभासद म्हणजे खालची आळी. दुसरं आहे कोण? वरच्या आळीत चुलींपेक्षा कुलपं जास्त. खालच्या आळीत डोंगरापलीकडून आलेली तुर्की बोलणारी कुटुंबं आहेत, शिवणाच्या कारखान्यात कामाला. बायका तरुण, पोरंबाळं भरपूर. येऊन बरीच वर्षं झाली, पण वाचनघरात मिसळत नाहीत. नाताळच्या गाण्यांना आल्या होत्या. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, कोट अंगावर तसेच, आणि संपायच्या आत निघून गेल्या. मी तेव्हाच पेनाला म्हटलं होतं, किती मानी बायका आहेत, बसायलाही तयार नाहीत.

रालित्सा म्हणते, त्यांनाच जाऊन विचारू. मी म्हटलं, तूच जा. माझ्या पायात चिखलातून जायचा जोर नाही.

जोर आहे. इच्छा नाही.

१४ फेब्रुवारी

द्राक्षाच्या वेली छाटायचा दिवस. मिंचोची कात्री घेऊन गेले आणि आमच्या तीन वेली छाटल्या. वाईट छाटल्या. तो असता तर काही बोलला नसता, नुसता माझ्या मागून फिरून पुन्हा छाटत बसला असता, आणि मी चिडले असते. आता चिडायला कोणी नाही, तरी चिडलेच.

संध्याकाळी रालित्सा खालच्या आळीतून परतली. तिथे नुरिये नावाची बाई पुढारी आहे, शिवणाच्या कारखान्यात तिच्या हाताखाली पुष्कळ जणी आहेत. त्यांना हवी एक गरम खोली, जिथे संध्याकाळी बसता येईल आणि पोरांना अभ्यासाला बसवता येईल. वाचनघर त्यांना आवडतं म्हणे. मग येत का नाहीत?

"जागा नसते, असं म्हणतात," रालित्सा म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी आता काहीतरी बोलणार आहे.

"हात्तिच्या!" स्तामो म्हणाला. "एवढंच ना? शाळेतून बाकं आणू आणि मागे टाकू."

रालित्सा म्हणाली, "आजोबा, मला वाटतं त्यांचं म्हणणं..."

"तुला बदल हवा होता ना पोरी? हा घे बदल."

मला वाटलं, स्तामो पहिल्यांदाच कामाचं बोलला.

१ मार्च

सगळ्या गावाच्या मनगटावर वसंताचा लाल-पांढरा दोरा. मी या वर्षी बांधत नाही, दुखवट्याच्या वर्षात बांधत नाहीत. दुकानात नुरिये समोर आली. पन्नाशीची असेल, सरळ पाठीची, कानात सोन्याच्या रिंगा. तिच्या मनगटावरही दोरा होता. तिने माझ्या रिकाम्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाली, "दोब्रिनाताई, तुमचे यजमान आमच्या पोरांच्या सायकली नीट करून द्यायचे."

मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून मला ठाऊक नव्हतं. मी "हो का" म्हटलं, पाव घेतला आणि निघाले. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की तिला महिला दिनाच्या कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायचं राहिलं. परत गेले नाही. पेनाला पाठवलं.

८ मार्च

इतकं करून!

शाळेतली बाकं स्तामोच्या जावयाने ट्रॅक्टरवर आणली. मी पुसली, मागच्या भिंतीला दाराजवळ ओळीत लावली, वर सतरंज्या घातल्या. भोपळ्याची पापुद्रेदार बनित्सा भाजली, दोन तवे भरून. खालच्या आळीतल्या बायका आल्या, चांगल्या नटूनथटून. नुरिये पुढे होती. मी दारातच उभी होते. म्हटलं, "या या, तुमच्यासाठी खास जागा केली आहे." आणि बाकं दाखवली.

तिने बाकांकडे बघितलं. मग पुढे सभागृहाकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाली, "फारच कष्ट घेतलेत." आणि दोन गाणी होतात न होतात तोच सगळ्या जणी उठून गेल्या. बनित्सा तशीच राहिली. शाळेतल्या मुलांनी खाल्ली.

पेना म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" तिने काहीच म्हटलं नव्हतं.

रालित्सा भिंतीला टेकून उभी होती, नेहमीसारखी. मी तिच्यावरच घसरले. "तुझे कागद, तुझ्या रंगीत चिठ्ठ्या! जानेवारीपासून भिंतीवर चिकटवते आहेस. त्याने एक तरी माणूस आलं?"

"नाही आलं, मावशी."

"मग तुला पगार कशाचा देतात?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "मला जे सांगायचं आहे ते मी सांगून उपयोगाचं नाही. ते तुम्हालाच दिसायला हवं, असं आम्हाला शिकवतात." आणि मग नाक पुसून, "कधी कधी मला वाटतं चुकीचं शिकवतात."

मला काय दिसायला हवं? मला मोतीबिंदू आहे.

१२ मार्च

स्तामो म्हणतो, जाऊ दे. आपल्या आजोबा-पणजोबांनी बांधलं, आपल्याबरोबर संपू दे, निदान अब्रूने संपेल. मी त्याला म्हटलं, अब्रूने तू संप, मला अजून दोन कपाटं वाचायची आहेत.

घरी येऊन रडले. मिंचो असता तर तो खालच्या आळीत सहज चालत गेला असता. सायकलींच्या निमित्ताने जातच होता म्हणे. मला मात्र घरी येऊन कधी बोलला नाही. की बोलला असेल आणि मी पुस्तकात डोकं घालून बसले असेन.

१९ मार्च

गेले. चिखल होताच.

नुरियेच्या घरात चूल गरम होती आणि तिची सून ऐसेल पोट सावरत बसली होती, सहावा-सातवा महिना असेल. लहान कपात दाट कॉफी आली. मी सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

"आठ तारखेला काय झालं? आमचं काय चुकलं?"

"काही नाही, ताई."

"नुरिये, मी चिखल तुडवत आले आहे. खरं सांगा."

तिने कप खाली ठेवला. "नाताळला आम्ही आलो. एक खुर्ची मोकळी नव्हती. म्हटलं ठीक, उशिरा आलो. मग आठ तारखेला तुम्ही जागा केली म्हणालात. कुठे? दाराजवळ. पोरांच्या बाकांवर. पुढे मेलेली माणसं गादीच्या खुर्च्यांवर, आणि आम्ही जिवंत बायका मागे, वाऱ्यात."

"तो आमचा रिवाज आहे," मी म्हटलं.

"असेल. आम्ही आमची माणसं जमिनीत ठेवतो, ताई. तुम्ही खुर्चीवर बसवता. मग आम्ही उभंच राहायचं ना?"

ऐसेल हळूच म्हणाली, "आई, पुरे."

मी कॉफी संपवली, कारण अर्धवट सोडणं बरं दिसत नाही, आणि उठले. सरळ बोलल्याबद्दल आभार मानायला हवे होते. मानले नाहीत. वाटेत जे मनात येत होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२ एप्रिल

इतके दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही झालं नाही. पुस्तकं पुसली. टोमॅटोची रोपं खिडकीत लावली आहेत, मिंचोच्या बियांची. ती लांब आणि बारीक झाली आहेत, तो म्हणायचा तशी कमी उन्हाने.

रालित्साचे पैसे एप्रिलअखेर संपतात. काल तिने सगळे कागद भिंतीवरून काढले आणि गुंडाळले. भिंत किती रिकामी दिसते. मी तिला नुरियेचं बोलणं सांगितलं, आणि बघते तर तिने मान खाली घातली.

"तुला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं!"

"हो."

"आणि बोलली नाहीस!"

"पहिल्या रांगेतली नवी फीत बघितली ना," ती म्हणाली. "माझ्या तोंडून शब्द फुटला नाही."

शहाणी. सगळ्यांना बदलायला निघाली आणि एका फितीला अडली. मी तिच्यावर ओरडणार होते. मग तिला घरी जेवायला नेलं. बीनचं सूप होतं. समोर बसून कोणीतरी खाल्लं, बऱ्याच दिवसांनी.

मी फीत सोडणार नाही. वर्ष जूनमध्ये भरतं. गावात वर्षाच्या आतली, नियमात बसणारी एकच फीत आहे, ती त्याची. बाकीच्यांनी आपापल्या आधी सोडाव्यात.

स्तामोला हे सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या भावाची मी सोडीन. पण पेनाने आधी सोडावी, तिची जुनी." पेना म्हणाली, "माझी आई काय या गावाची पहिली मेलेली आहे?"

१३ एप्रिल

आज सभा झाली. दमले आहे, पण लिहून ठेवते.

पालिकेची बाई रंगमंचावर टेबल टाकून बसली होती, हातातलं घड्याळ सारखं बघत. आम्ही वरच्या आळीतले आपापल्या खुर्च्यांवर, मध्ये मध्ये फिती. खालच्या आळीतून कोणी येईल असं मला वाटलं नव्हतं. आल्या. रालित्सा त्यांच्याकडे सारखी खेटे घालत होती ते मला नंतर कळलं. नुरिये, कारखान्यातल्या तिच्या बायका, आणि ऐसेल, आता चांगलीच अवघडलेली. शाळेने बाकं परत नेली होती. सगळ्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

स्तामोने भाषण सुरू केलं. आजोबा, पणजोबा, पायाचा पहिला दगड. ते भाषण मला पाठ आहे, आणि ते लांब आहे. मी मागे वळून बघत होते. ऐसेल एका पायावरून दुसऱ्यावर जात होती. तिने हात कमरेवर दाबला. पुन्हा दाबला. तोंड पांढरं पडलं. स्तामो अजून पहिल्या दगडावरच.

"अगं बस ना!" मी ओरडले.

सगळं सभागृह वळलं. ऐसेल म्हणाली, "कुठे?"

मला राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही. तिचा, स्तामोच्या दगडाचा, पालिकेच्या बाईच्या घड्याळाचा, जूनपासून गप्प असलेल्या त्या माणसाचा. "इथे!" मी म्हटलं, आणि माझ्या शेजारची खुर्ची थोपटली. "इथे बस, माझ्याजवळ."

ती आली. हळू आली, प्रत्येक रांगेशी थांबत, कोणी नको म्हणेल म्हणून. कोणी म्हणालं नाही. ती बसली आणि मागे टेकली, आणि मला दिसलं की फितीची गाठ बरोबर तिच्या पाठीला टोचते आहे. त्या अवस्थेत पाठ किती दुखते! म्हटलं, "जरा पुढे हो, बाळ," आणि गाठ सोडू लागले. मीच मारलेली गाठ, पण सुटेना. मिंचो असता तर म्हणाला असता, ओढू नकोस, ढिली कर. ढिली केली. सुटली.

स्तामोचं भाषण थांबलं होतं. बाहेर अंगणात कोणाची तरी कोंबडी ऐकू आली.

मग पेना उठली. मला वाटलं, आता ही मला सगळ्यांदेखत धुणार. ती रांगेतून वाट काढत आपल्या आईच्या खुर्चीपाशी गेली आणि फितीसकट त्या खुर्चीवर धपकन बसली. "आईची फीत मी सोडणार नाही!" म्हणाली. "पण आईच्या मांडीवर बसले तर कोणाच्या बापाचं काय जातं? माझी जागा मोकळी आहे. या, कोणीतरी बसा, काय खांबासारख्या उभ्या आहात!"

लोक हसले. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. सगळ्या नाही. पुष्कळ फिती अजून जिथल्या तिथे आहेत आणि दोन घरची माणसं उठून गेली, दार आपटून. पण भिंतीजवळ कोणी राहिलं नाही. रालित्सासुद्धा बसली, स्तामोच्या भावाच्या खुर्चीवर. स्तामोने बघितलं आणि तोंड फिरवून पुन्हा दगडापासून सुरुवात केली.

मंडळासाठी नुरियेने स्वतःचं नाव दिलं आणि कारखान्यातल्या दोघींची. "हिशोब मी बघते, खोली या दोघी बघतील," म्हणाली. आम्ही तीन, त्या तीन. पालिकेची बाई म्हणाली, "सहा झाले. सातवं?"

मी पुढे बघत बसले. टेम्पो डोळ्यांसमोर आला.

"मी आहे ना," शेजारून आवाज आला. ऐसेलने हात वर केला होता.

स्तामो म्हणाला, "पोरी, तुझं बाळंतपण आलं आहे!"

"बाळंतपण मे महिन्यात आहे, आजोबा. त्याच्यानंतरही मी इथेच राहणार आहे."

पालिकेच्या बाईने लिहून घेतलं.

आता निवांतपणा मिळेल असं वाटलं होतं. कसला मिळतो! निघताना नुरियेने मला दारात गाठलं. सोमवारपासून खोली हवी, शेगडी दुपारीच पेटवून ठेवा, लाकडं ओली आहेत ती बदला, आणि पुस्तकांच्या खोलीत शिवणयंत्र ठेवलं तर चालेल का. मी म्हटलं, पुस्तकांच्या खोलीत मुळीच नाही. ती म्हणाली, मग कुठे? आम्ही पायरीवरच भांडलो. पेना येऊन तिच्या बाजूने भांडली. रालित्सा म्हणाली, आता तुम्हाला माझी गरज नाही, आणि आम्ही तिघींनी एकदम तिला गप्प बसवलं.

घरी आले. रोपांना पाणी घातलं. फीत अजून कोटाच्या खिशात आहे. ती टाकायची, जाळायची की कपाटात ठेवायची, पेनाला विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. स्तामोलाही नाही. फीत बांधायची कशी, कोणी, कधी, सगळ्याचा रिवाज आहे आमच्याकडे. सोडल्यावर काय करायचं याचा नाही. इथवर कोणी आलंच नव्हतं.